औंढ्याचे फोटोवाले आम्ही दोघं

नऊवारी लुगड्याची घडी एकट्या माणसाला नीट घालता येत नाही. दोन टोकं दोघांनी धरायची, ताणायचं, झटकायचं, मग एकमेकाकडं चालत यायचं आणि आपलं टोक दुसऱ्याच्या हातात द्यायचं. त्या दिवशी सकाळी अंगणात आम्ही नवरा-बायको तेच करत होतो. पिवळं लुगडं, लाल काठाचं. आदल्या दिवशी एका गिऱ्हाईक बाईनं त्याच्यावर चहा सांडला होता, म्हणून धुवून वाळवलं होतं.

"ताना की जरा. हातात जीव न्हाई का?" द्वारका म्हणाली.

"तू भाकर दिलीस तर जीव येईल."

"घडी झाली की देते. सरळ धरा. काठाला काठ लागू द्या."

घडी झाली. तिनं ती पेटीत ठेवली, आत गेली, परातीत पीठ घेतलं आणि तिथूनच म्हणाली, "आवो, छातीत कसंतरी होऊन राहिलं." शेजाऱ्याच्या जीपमध्ये घालून हिंगोलीला नेलं. दवाखान्याच्या दारातच ती संपली. डॉक्टर इंग्रजीत काहीतरी सांगू लागला. मी म्हणलं, मराठीत सांगा. तो म्हणाला, बाबा, त्या वारल्या. त्याची काही चूक नव्हती. त्यानं तरी काय करावं.

त्याला आता वर्ष होत आलं. दिवाळी अंक काढणारी पोरं घरी आली, म्हणाली, "काका, देवळापुढं आयुष्यभर फोटो काढले तुमी. अनुभव लिहा." मी म्हणलं, माझी शाळा सातवीत सुटली. ते म्हणाले, बोलता तसं लिहा. तसं लिहितो. पण माझं एकट्याचं लिहिता येणार नाही, कारण धंदा एकट्याचा नव्हता. पाटीवर नाव माझं होतं आणि बटण मी दाबत होतो, एवढंच.

ज्यांनी औंढा पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. नागनाथाचं देऊळ काळ्या दगडाचं आहे. बाहेरच्या भिंतीवर हत्ती, देव, बाया, वाजवणारे, नाचणारे, सगळं कोरलेलं. ज्योतिर्लिंग म्हणून लोक लांबून येतात. तिकडं तेलंगणातून, इकडं नागपूर-वऱ्हाडातून. गाभाऱ्यात कॅमेरा चालत नाही. आमचं काम बाहेरच्या बाहेर.

आधी रोलचा कॅमेरा होता. फोटो काढायचा, लोकांचा पत्ता घ्यायचा, धुऊन टपालानं पाठवायचा. मग तिथल्या तिथं छापून द्यायचं मशीन घेतलं. मग प्रत्येकाच्या हातात मोबाईल आला आणि लोक आमच्यापुढून स्वतःचेच फोटो काढत निघून जाऊ लागले. मी म्हणलं, सुटलो, आता रानात हळद लावू. पण आमची सून वर्षा हुशार. तिनं नेटवर आमचे फोटो टाकले आणि खाली लिहिलं, औंढा नागनाथला येताय का, तुमचं प्रायव्हेट फोटोशूट आधी बुक करा. आणि खाली फोन नंबर टाकला तो सासूचा.

मला हसू आलं. म्हणलं, "अगं, देवळात हजार माणूस असतंय. प्रायव्हेट काय डोंबलाचं?"

पण लोकांचे फोन येऊ लागले. लांबून यायचं ठरलं की लॉज सांगतात, गाडी सांगतात, तसं आता फोटोवालाही सांगून ठेवतात. सकाळचा एक तास त्यांचा. त्या तासात मी दुसऱ्या कोणाचा फोटो काढायचा नाही आणि त्यांच्या फोटोत दुसऱ्याचं डोकं येऊ द्यायचं नाही. पहिली गोष्ट माझ्याकडं, दुसरी द्वारकाकडं.

फोन तीच घ्यायची. पहिलं वाक्य ठरलेलं. "काळं, निळं नगा घालू माय, दगडात मिसळून जाल. पिवळं घाला, लाल घाला, पोपटी घाला. नसंल तर माझ्या पेटीत हाय." पेटीत तिची चार लुगडी, दोन फेटे, दाबाच्या नथा, हिरव्या बांगड्या. जीन्स घालून आलेल्या पोरीला ती बाजूच्या ओळखीच्या घरी न्यायची आणि बाहेर आणायची ती नवरीच. शिवलेली नऊवारी तिला चालायची नाही. "ते काय लुगडं हाय? ती तर विजार," म्हणायची.

काळा दगड उजेड खातो. मागं दगड आणि वर पांढरं आभाळ असलं की माणसाचं तोंड काळवंडतं. म्हणून आम्ही उन्हं कोवळी असताना जायचो आणि द्वारका थर्माकोलचा मोठा तक्ता धरून चेहऱ्यावर उजेड टाकायची. विकतचे चांदीसारखे पडदे मिळतात, तेही आणले एकदा. तिनं ते हळद झाकायला वापरले.

पण उजेडानं फोटो होत नाही. आमच्या भागातल्या नवरा-बायकोला शेजारी उभं करा, दोघांच्या मधून बैल जाईल एवढी जागा सोडतात. तोंडं अशी की जामीन राहायला आलेत. मी "हसा" म्हणलं की अजून घट्ट होतात. यावर द्वारकाचा एकच इलाज होता. तक्ता धरल्या-धरल्या बाईला म्हणायची, "उखाणा घ्या माय."

बाई लाजायची. आता काय वो या वयात, इथं लोक हायत, मला येत न्हाई, असं चालायचं. तेवढ्यात रांगेतल्या चार बाया जमायच्या. घ्या की, घ्या की. मग ती बाई कुठं तरी बघत दोन ओळी म्हणायची, आणि दुसरी ओळ नवऱ्याच्या नावाजवळ आली की तिचं तोंड उजळायचं. नवऱ्याचं तर त्याआधीच. मी त्या नावाची वाट बघत थांबायचो. नाव आलं की बटण. आमचे जेवढे म्हणून चांगले फोटो आहेत, त्यातल्या बायांची तोंडं अर्धी उघडी आहेत, कारण त्या नाव घेत होत्या.

एकदा फजिती झाली. वाशीमकडचे दोघं आले, दोघांचेही केस पिकलेले. भाड्यानं गाडी करून देवदर्शनाला निघालेले. बाईनं हिरवं पातळ नेसलेलं, बाबानं पांढरी टोपी. उभे राहिले, पण या दोघात अंतर नव्हतं. बाईनं त्याच्या दंडाला धरलं होतं. द्वारका खुश. मला डोळ्यानं म्हणाली, बघा, याला म्हणतात संसार.

"उखाणा घ्या आजी."

आजीनं ऐकलं नाही. ऐकायला कमी येत असावं, म्हणून द्वारका अजून मोठ्यानं म्हणाली, "मालकाचं नाव घ्या! लाजू नगा! सगळ्याहिला ऐकू द्या!"

रांगेतल्या बाया टाळ्या वाजवू लागल्या. आजी वळून म्हणाली, "अगं माय, कोणाचं नाव घेऊ? ह्यो माझा भाऊ हाय!"

टाळ्या बंद. द्वारकाच्या हातातला तक्ता खाली. तिचं तोंड मी कधी एवढं बारीक झालेलं पाहिलं नव्हतं. मग तो म्हाताराच हसू लागला. "आक्के, घे नाव! लोकं एवढे म्हणून राहिले तर घे!" आजीनं त्याच्या पाठीत धपाटा घातला, आणि दोघंही वाकून-वाकून हसले. मी काढत गेलो. आजीच्या नातवानं त्यातला एक फोटो मोठा करून घरात लावला असं कळलं. द्वारका मात्र त्यानंतर आधी विचारायची, "तुमचं एकमेकाचं नातं काय, माय?" आणि नवीन लग्न झालेले पोरं-पोरी चिडायचे.

दुसरं एक गिऱ्हाईक आठवतं. कळमनुरी तालुक्यातल्या तांड्यावरचं म्हातारं जोडपं. पोरगा पुण्याला कंपनीत. त्यानं तिकडूनच बुकिंग केलं, म्हणाला, माझ्या आई-बापाचा एकत्र असा एकही फोटो नाही, नीट काढा. म्हातारीच्या ओढणीला आरसे, गळ्यात चांदी. आरशांचा उजेड भिंगात घुसून मला काही दिसेना. आणि म्हातारा खांबासारखा दूर उभा.

"बाबा, जवळ सरका."

"सरकलो की."

"अजून."

"अजून सरकलो तर तिच्या अंगावर पडन."

त्यांच्याकडं आपल्यासारखे उखाणे नाहीत, तिथं द्वारकाची विद्या चालेना. ती तक्ता खाली ठेवून म्हातारीजवळ गेली. मग म्हणाली, "आजी, बाबाचं पागोटं वाकडं झालं. जरा नीट करता का?" म्हातारीनं दोन्ही हातांनी पागोटं धरून असं ओढलं की म्हातारा ओरडला, "हळू! डोकं हाय का खुंटा?"

"एकदा तरी सरळ बांधलं का जिंदगीत?"

"तू सरळ बघितलं का?"

मग ते त्यांच्या बोलीत भांडू लागले, ते काही आम्हाला कळलं नाही. पण तोंडाला तोंड लावून भांडत होते, तिचे हात त्याच्या डोक्यावर, आणि आरशांचे ठिपके त्याच्या दाढीवर नाचत होते. मी काढून घेतला. पोराचा पुण्याहून फोन आला, तो नुसता हसतच होता. "मावशी, घरी असेच असतात."

तिसरा एक शहरातला साहेब. श्रावणी सोमवारी आला आणि म्हणाला, मला मागं एकही माणूस नको, नुसतं देऊळ पाहिजे. त्या दिवशी बाहेरपर्यंत रांग असते. मी तोंडावर सांगितलं, "माणसं नको होती तर सोमवारी कशाला आले?" साहेब तापला. द्वारकानं मला बाजूला सारलं आणि रांगेतल्या बायांना जाऊन सांगितलं, "माय, जरा सरका. ह्या पोराचं लग्न जमवायचंय, पोरीकडं फोटो धाडायचाय."

बाया सरकल्या नाहीत. उलट अजून जवळ आल्या. पोरगा बरा हाय, जरा वाळलेला हाय, शेती किती हाय, आई हाय का. साहेब म्हणतो, "अहो मावशी, माझं लग्न झालंय!" तर एक बाई म्हणाली, "मंग दुसरी कशाला करून राहिला रे?" साहेबाला हसू आवरेना. तोच फोटो त्यानं पसंत केला, मागं बायाच बाया. एक तासभर मी गप्प राहावं असं द्वारकानं मला त्या दिवशी सांगितलं, आणि मी राहिलो.

आता जे सांगायचं ते सांगतो.

ती जायच्या आधीच्या आठवड्यात पुसदकडच्या एका बाईचा फोन आला होता. शोभाबाई नाव. फोन मोठ्या आवाजात होता, मी शेजारी बसून ऐकत होतो. त्यांच्या मालकाची पिठाची गिरणी. तंबाखूची सवय, जबड्यात गाठ झाली. संभाजीनगरच्या दवाखान्यात ऑपरेशन ठरलं होतं, अर्धा जबडा काढणार होते. वाटेत नागनाथाचं दर्शन घेऊन पुढं जायचं होतं. बाई म्हणाली, "ताई, मोबाईलवर काढू देत न्हाईत ते. हात आडवा धरतात. ऑपरेशननंतर तोंड असं ऱ्हाणार न्हाई म्हणे. मला यांचं तोंड पाहिजे. देवापुढं तरी न्हाई म्हणणार न्हाईत."

द्वारका म्हणाली, "या माय. आमी हावोत. मी काढून घेते बराबर." फोन ठेवला आणि मला म्हणाली, "आवो, हे चुकवायचं न्हाई बरं का." मी म्हणलं, कधी चुकवलं?

ते यायचे होते त्याच्या आदल्या दिवशीच ती गेली. आमचा पोरगा नांदेडहून दुपारी पोचला, दिवस मावळायच्या आत सगळं उरकलं. स्मशानातून आलो, आंघोळ केली, ओसरीवर बसलो, आणि माझ्या खिशात तिचा फोन वाजला.

"ताई, आमी निघालो. रात्री हिंगोलीला मुक्काम. सकाळी उजाडताच येतो."

मी सांगितलं, "ताई न्हाईत. आज वारली ती. मी तिचा मालक बोलतो."

बाई म्हणाली, "असू द्या काका. आमी जातो पुढं. तुमी नका तकलीफ घेऊ."

"ऑपरेशन कधी?"

"परवा."

"मग या. पण मला सुतक हाय, मला देवळात पाय टाकता यायचा न्हाई. आधी दर्शन करून घ्या आन मग माझ्या घरी या. गच्चीवरून कळस दिसतो." लगेच मला दुसरी गोष्ट सुचली, म्हणून सांगितलं, "हे मयताचं घर हाय बाई. ऑपरेशनच्या आधी कोणी म्हणंल अपशकुन. तुमचं तुमी ठरवा."

ती म्हणाली, "आता अजून काय वाईट व्हायचं राहिलं, काका. येतो."

माझी थोरली बहीण आक्का आखाडा बाळापूरहून आलेली. तिनं सगळं ऐकलं. भिंतीला टेकून बसली होती ती उठून आली.

"काहून रे? डोकं फिरलं का? बायकोची राख गरम हाय अजून, आन तू कॅमेरा धरणार? लोक तोंडात शेण घालतील."

"आक्का, फोटो काढायचाय. नाचायचं न्हाई मला."

"एक फोटो न्हाई काढला तर कोणाचं काय जातंय?"

"त्या बाईचं जातंय."

"आन तुझं काय गेलं आज ते दिसंना का तुला?"

पोरगा म्हणाला, "आत्या, राहू दे. आईनं शब्द दिलता." आक्का पदर तोंडाला लावून आत गेली. खरं सांगायचं तर मला शब्दाचंही काही नव्हतं. मला एवढंच कळत होतं, की ती बाई उद्या येईल आणि द्वारका तिथं नसेल. मग मी तरी असावं.

आमच्यात दुसऱ्याच दिवशी राख सावडतात. सकाळी भावकी जमू लागली होती, बाया ओट्यावर बसल्या होत्या. तेवढ्यात ते दोघं दारात आले. कपाळाला गंध. बाईनं हळदी रंगाचं पातळ नेसलेलं, फोनवर सांगितलं होतं तसं. बाया बघून ती उंबऱ्याच्या बाहेरच थांबली. मालक तिच्या मागं, उंच माणूस, पंचा गालावर दाबून धरलेला. कोणी या म्हणेना, कोणी जा म्हणेना.

आक्काच उठली. "ये माय. वर जा. जिना तिकडून हाय."

गच्चीवर मी त्यांना कठड्याजवळ उभं केलं. मागं कळस, बाजूनं कोवळी उन्हं. पण चेहऱ्यांची एक बाजू अंधारात राहत होती. थर्माकोलचा तक्ता पाण्याच्या टाकीला टेकवला, वाऱ्यानं पडला. विटा लावल्या, तरी पडला. मागं चपला वाजल्या. आक्का वर आली होती. तिनं तक्ता उचलला आणि पोटाशी धरला.

"कुठं धरू?"

"जरा वर. त्याहिच्या तोंडावर पडू दे."

"असं?"

"असं."

उखाणा मागायची ती वेळ नव्हती, आणि परक्या बाईला तो माझ्यासारख्या माणसानं मागायचाही नसतो. माझ्याजवळ नुसतं बटण होतं. तो माणूस पंचा खाली घेईना. घेतला तर हात वर गेला, गाल झाकला. बाई हळूच म्हणाली, "आवो, हात." त्यानं मान हलवली. ती अजून एकदा म्हणाली. तो म्हणाला, "राहू दे शोभा. सुजलंय. चांगलं दिसत न्हाई."

मला गोड बोलता येत नाही. ते काम माझं नव्हतंच कधी. मी कॅमेरा डोळ्यावरून काढला आणि म्हणलं, "दादा, चांगलं दिसायचं कोणाला हाय? बाईला पाहू द्या. काल ह्या वेळेला माझी बायको चांगली बोलत होती. माझ्याकडं बघून म्हणली, सरळ धरा. त्यानंतर तिनं माझ्याकडं पाहिलं न्हाई, आन मी तिचं तोंड पाहिलं तवा त्यात ती नव्हती. हात काढा."

आक्काच्या हातातला तक्ता हलला. उजेड त्यांच्या अंगावरून खाली-वर झाला आणि पुन्हा जागेवर आला.

त्यानं हात खाली घेतला. गाठ मोठी होती, ओठ एका बाजूला ओढला गेला होता. पण डोळे चांगले होते, मोठे, ओले. तो माझ्याकडं बघत नव्हता, बायकोकडं बघत होता. आणि ती त्याच्या तोंडाकडं अशी बघत होती, जसं घरातून निघताना माणूस एकदा सगळीकडं नजर फिरवतं. मी दर गिऱ्हाइकाला म्हणतो, इकडं बघा. त्यांना म्हणलं नाही. बटण दाबलं.

खालून पोराचा आवाज आला. "बाबा, लोक थांबलेत. सावडायला निघायचं."

"आलो," म्हणलं.

अजून एक काढला, आणि मग जिना उतरलो.